अभिनंदनाचा रकाना

शेफील्ड, २१ मे

प्रिय ओल्वेन मावशी,

मानसोपचाराच्या प्रशिक्षणाचा निकाल लागला. घेतलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. वेटिंगवर ठेवलंय. कितवा नंबर ते सांगत नाहीत. विचारलं तर गोड आवाजात म्हणतात, तसा नियम नाही. ज्यांना जागा मिळाली त्यांच्यातल्या कुणी नको म्हटलं, तर सप्टेंबरपर्यंत कधीही फोन येऊ शकतो. नाही आला तर नोव्हेंबरात पुन्हा अर्ज.

ईस्टरला तू विचारलं होतंस, एवढं शिकलीस, आता त्यांना आणखी काय हवंय? तर ऐक. मानसशास्त्राची पदवी हवी, मान्यता असलेली आणि वरच्या वर्गातली. ती आहे. त्यावर किमान वर्षभर रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम हवं. माझं कितीतरी जास्त झालंय, आधी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालून, आता इथे सहायक म्हणून. वरिष्ठांची शिफारस हवी, ती डॉ. मार्शनी छान लिहिली. पोलिसांचा कोरा दाखला, गाडीचा परवाना, स्वतःकडे तटस्थपणे बघता येतं हे दाखवणारा निबंध. सगळं आहे, मावशी. फक्त सगळं असलेल्यांची रांग मोठी आहे आणि जागा मूठभर. ही माझी तिसरी खेप.

लाज वाटते गं. माझ्यानंतर आलेल्या मुलीला, जिला मी फाइली कुठल्या कपाटात ते दाखवलं, तिला पहिल्याच फटक्यात जागा मिळाली. केक मीच आणला. टाळ्या वाजवल्या आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसले.

गावात कुणाला काही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, अजून कळलं नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही हे या वेळी बरंच झालं. बोलून सांगणं मला जमलं नसतं.

तुझी,
एलेरी


पेनगारेग, २७ मे

एलेरी बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस घास गोड लागला नाही. आता मी जे सांगणार आहे ते सांगते, मग तू हवं तेवढं ओरड.

रविवारी प्रार्थनेनंतर चहाला नान्सी प्रॉसर माझ्याशेजारी येऊन बसली. बसली म्हणजे मुद्दामच बसली. "काय गं ओल्वेन, आमच्या येस्टिननं गुरांचा दवाखाना टाकला, ऐकलंस ना? आणि तुझी भाची? अजून दुसऱ्याच्या हाताखालीच? तिशी आली ना तिची?" सगळ्यांचे कप हवेतल्या हवेत थांबले. बसवाला ग्विलिमसुद्धा कधी नव्हे तो मान वर करून बघायला लागला.

मी तोंड उघडलं ते 'अजून कळलं नाही' म्हणायलाच, देवाशपथ. बाहेर पडलं ते, "मिळाली की जागा! पहिल्याच यादीत. प्राध्यापकांनी उभं राहून हात मिळवला तिच्याशी." हे उभं राहून कुठून आलं ते मलाही माहीत नाही.

मग काय विचारतेस. संध्याकाळच्या प्रार्थनेत चॅपलचे कारभारी पॅरींनी पुढच्या उंच बाकावरून तुझं अभिनंदन केलं. आणि जूनच्या गावपत्रात, अभिनंदनाच्या रकान्यात, तुझं नाव गेलंय. छपाईला गेलं होतं, परत आणता आलं नाही. खरं सांगायचं तर मी आणायला गेलेच नाही.

तुझी आई असती तर तिनं नान्सीला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. तू सात वर्षांची माझ्या दारात आलीस तेव्हापासून लोक बघतायत की पोस्टातल्या ओल्वेनला पोर वाढवता येते का. मला त्यांना दाखवायचं होतं. झालं.

तुझी,
ओल्वेन मावशी


शेफील्ड, ३१ मे

मावशी,

तू काय करून बसलीस? मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आता मी गावात तोंड कसं दाखवू? आणि हात मिळवला म्हणे! त्या मुलाखतीत माझ्या हाताला एवढा घाम होता की मी कुणाच्या जवळही गेले नाही.

लगेच सगळ्यांना खरं सांगून टाक, असं लिहायला बसले होते. तेवढ्यात टपाल आलं. शाळेतल्या मिस टेगानचं कार्ड आलंय. "आपल्या वेल्श भाषेत ऐकून घेणारं कुणीतरी अखेर तयार होतंय, मला तुझा अभिमान वाटतो," असं त्यांनी लिहिलंय. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. खिडकीत ठेवलं. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल तुझ्यावर चिडलेय, तीच खिडकीत मांडून बसलेय. बघ आता.

वेटिंग लिस्ट दर वर्षी हलते. फोन आला की तू बोललीस ते खरंच होईल. तोवर गप्प बस, नवीन काही रचू नकोस. कृपा कर.

एलेरी


पेनगारेग, १८ जून

एलेरी बाळा,

मी गप्पच आहे. पण माझ्या गप्प राहण्यानं काय होतंय? तुला आता नाव पडलंय. बसवाला ग्विलिम, दूधवाला हियु, तशी तू 'मनवाली एलेरी'. मांसाच्या दुकानात मला रांगेतून पुढे घेतात. नान्सीनं मनुकांचा पाव आणून दिला, तोही अख्खा. तो मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला घातला.

हे सगळं राहू दे. ग्विलिम काल दारात आला होता. तुला आठवत असेल तो, तुम्हा पोरांना शाळेत नेणारा, बस चालवताना वरच्या पट्टीत गाणारा. बायको, माइर, गेल्यापासून त्यानं चॅपलमध्ये तोंड उघडलेलं नाही. येतो, बसतो, जातो. कपडे अंगावर लोंबतात. डॉक्टरांनी त्याला शहरातल्या मानसिक आरोग्याच्या लोकांकडे पाठवलंय, एकदा जाऊनही आला. पण म्हणतो, "बाई चांगली आहे, ओल्वेन, पण इंग्रज आहे. इंग्रजीत मला रडता येत नाही." मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "एलेरी आली की तिच्याशी बोललो तर चालेल का?"

"विचारते," म्हटलं.

तुझी मावशी


शेफील्ड, २४ जून

प्रिय मावशी,

नाही, नाही आणि नाही. मी मानसोपचार करणारी नाही. मी रुग्णांना प्रश्नावल्या भरायला मदत करते, गट चालतात तिथे खुर्च्या लावते, नोंदी ठेवते, आणि जे काही करते ते डॉ. मार्शच्या नजरेखाली. तीन वर्षांचं प्रशिक्षण पुरं होईपर्यंत स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणं हा इथे गुन्हा आहे. ग्विलिमला त्या बाईंकडेच जायला हवं. वेल्श बोलणारं कुणी द्या, असं त्यानं मागावं. मागायचा हक्क आहे त्याला.

हे त्याला सांग. पण माझ्या जागेबद्दल काही बोलू नकोस. ते सांगायचंच असेल तर मी सांगेन. जुलैत शनिवार-रविवार येते आहे.

एलेरी


शेफील्ड, १६ जुलै

प्रिय मावशी,

तुझ्या स्वयंपाकघरात बसून मला हे बोलता आलं नाही. तू तव्यावर मनुकांचे गोड केक भाजत होतीस, एवढी खुश होतीस, की मी बसची वेळ झाली म्हणून निघून आले.

ग्विलिमकडे गेले ती खरं सांगायलाच. वाटेत वाक्यंही ठरवली होती. त्यानं माइरची ठेवणीतली कपबशी काढली होती. दाढी केली होती, हनुवटीला कापलं होतं. मी बसले, आणि मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "चॅपलच्या माणसापाशी मी हे कधीच बोललो नसतो. पण तू आता डॉक्टर. तुझ्या तोंडाला कुलूप असतं. हो ना?"

आणि मी मान हलवली, मावशी. हो म्हणून.

मग तो बोलला. चहा गार होऊन वर साय धरली तरी बोलत होता. काय बोलला ते तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की मी घाबरले आहे. त्यानं त्या शहरातल्या बाईंकडे जायलाच हवं, पुढची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीला आहे. तसं मी त्याला सांगितलं. तो हसून "बरं" म्हणाला. ते "बरं" मला आवडलं नाही. तारखेच्या दिवशी तू स्वतः त्याला बसमध्ये बसवून दे.

इथे असं काही कानावर आलं तर मी त्याच मिनिटाला डॉ. मार्शकडे जाते. सोमवारी त्यांच्या दारापर्यंत गेले. पण पहिला प्रश्न आला असता, "तू त्याला कोण म्हणून भेटलीस?" मी दारावरून परत फिरले. हे लिहितानाही कान तापलेत.

एलेरी


पेनगारेग, ५ ऑगस्ट

एलेरी बाळा,

आनंदाची बातमी देते. ग्विलिम सुधारलाय! फाटकाला रंग लावतोय, हिरवा. रविवारी गायला नाही, पण ओठ हलत होते, मी बाजूनं बघितलं. सगळे म्हणतात, ही एलेरीची करामत. नान्सीसुद्धा.

शहरातली तारीख मात्र त्यानं सोडली. त्या दिवशी मी कोट घालून त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "त्यांना फोन करून कळवलंय, दुसऱ्या कुणाला गरज असेल त्याला द्या म्हणून. मला आपली एलेरी आहे ना." मी हट्ट धरायला हवा होता. पण हट्ट धरला असता तर त्यानं विचारलं असतं, का गं, एलेरी पुरत नाही का? मग मी काय सांगितलं असतं?

तो तुला काय म्हणाला गं? मला तरी सांग. माझ्या पोटात राहील.

तुझी मावशी


शेफील्ड, ९ ऑगस्ट

मावशी,

सुधारलेला नाही तो. एकाएकी असा हलका झालेला माणूस बघून खुश होऊ नये, एवढं मी खुर्च्या लावता लावतासुद्धा शिकले आहे.

त्याला फोन करतेय, उचलत नाही. हे पत्र मिळालं की तशीच ऊठ आणि त्याच्याकडे जा. सगळं सांग. मला जागा मिळालेली नाही, मी कुणी नाही, तू खोटं बोललीस आणि मी ते चालवून घेतलं. मग त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, त्याच दिवशी. लाजबीज आता बाजूला. डॉक्टरांच्या दवाखान्यातही मी निरोप ठेवलाय, पण काळजीत असलेली ओळखीची मुलगी, एवढंच सांगितलं. तिथेही मी कोण ते पुरतं सांगितलं नाही.

एलेरी


पेनगारेग, १५ ऑगस्ट

एलेरी,

ग्विलिम जिवंत आहे. हे आधी वाच.

काल सकाळी धरणावर कुत्रं फिरवणाऱ्या माणसानं त्याला पाण्यातून ओढून काढलं. हॉस्पिटलमध्ये आहे. छातीत पाणी गेलं होतं, ते निवळेल म्हणतात. मग मानसिक आजारांच्या वॉर्डात हलवतील.

तुझं पत्र मंगळवारी आलं होतं. मी कोट घातला. त्याच्या फाटकापर्यंत गेले. तो खाली बसून रंगाचा डबा बंद करत होता, मला बघून हात केला. "सुरेख दिसतंय, ग्विलिम," म्हणाले मी. आणि परत आले. उद्या सांगू म्हटलं. मग बुधवारी म्हटलं उद्या.

मी जन्मभर या गावाची पत्रं पोचवली. तुझं एक पोचवलं नाही.

ओल्वेन


शेफील्ड, १२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राला एवढे दिवस उत्तर दिलं नाही. तुझ्यावर राग होता म्हणून नाही. राग धरायला मी कोण? तू फाटकावरून परतलीस, मी दारावरून. आपण दोघी एकाच माळेचे मणी.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी डॉ. मार्शना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तू ऐकून घेतलंस यात चूक नाही, एलेरी. ऐकल्यावर कुणाला सांगितलं नाहीस, कारण तुझं बिंग फुटलं असतं. तू स्वतःला वाचवलंस." मी हो म्हटलं. मुलाखतीत मला विचारलं होतं, काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे तुम्हाला कधी कळलं आणि तुम्ही काय केलंत? फार सुंदर उत्तर दिलं होतं मी. त्या पॅनलवर स्वतः मानसिक आजारातून गेलेला एक माणूस बसला होता, त्यानं मान डोलावली होती. त्याचा चेहरा आठवला की मला कुठेतरी लपावंसं वाटतं.

आणि ऐक. गेल्या आठवड्यात फोन आला. कुणीतरी जागा सोडली. पलीकडची बाई आनंदानं सांगत होती, अभिनंदन म्हणाली. मावशी, तो शब्द ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. जागा घेण्याआधी एक जाहीर करावं लागतं, की आपल्या वागणुकीबद्दल काही सांगण्यासारखं आहे का. ते टाळून पुढे जाता आलं असतं. डॉ. मार्शनी तक्रार केलेली नव्हती, म्हणाल्या होत्या, हे तू सांगायचंस. मी फोनवरच सांगितलं. त्या बाईनं माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, कळवतो.

काल कळवलं. या वर्षी जागा नाही. दार कायमचं बंद नाही, पण पुढचा अर्ज डॉ. मार्शच्या नव्या शिफारशीवर, आणि ती शिफारस निदान वर्षभर तरी मिळणार नाही. माझी नोकरी राहिली, पण रुग्णांसमोर एकटीनं बसायचं नाही.

रडले नाही. बरोबर वाटलं आणि लाज वाटली, दोन्ही एकदम.

ग्विलिमला माझ्याबद्दल अजून कुणी सांगितलं नसेल तर सांगू नकोस. ते मीच सांगणार.

एलेरी


पेनगारेग, २ ऑक्टोबर

एलेरी बाळा,

मी उभी राहिले.

रविवारी सूचना संपल्यावर पॅरी म्हणाले, आणखी कुणाला काही? मी उठले. पुढच्या बाकाला धरलं. म्हटलं, "माझ्या एलेरीला जागा मिळाली नव्हती. मी खोटं बोलले. ग्विलिमनं त्या खोट्यावर विसंबून दवाखाना सोडला. तिनं सांगायला सांगितलं तेव्हाही मी सांगितलं नाही." इतकी शांतता मी त्या चॅपलमध्ये कधी ऐकली नव्हती, आणि मला तर ऐकूही कमी येतं.

नान्सी काहीतरी बोलेल म्हणून मी तयार होते. ती माझा कोट घेऊन दारात उभी होती. तिनं तो मला घातला, बटणंही लावली. तिनं टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग गावपत्राच्या संपादकाकडे गेले. तो म्हणतो, "आम्ही अभिनंदन छापतो, मावशी. अभिनंदन चुकून झालं असं आजवर छापलेलं नाही. कुठल्या रकान्यात टाकू?" मी म्हटलं, त्याच रकान्यात टाक, त्याच अक्षरात. टाकलं त्यानं. सगळ्यांत मोठ्या कांद्याच्या बक्षिसाखाली. मी तो अंक तुला पाठवत नाही.

ग्विलिमला नव्या वॉर्डात कार्नारव्हनकडची एक नर्स मिळाली आहे, वेल्श बोलणारी. मागितली तर मिळाली. जूनमध्ये मागता आली असती.

त्याला तू सांगणार आहेस ते ठीक. पण बाळा, मला एक सांग, तो जुलैत काय म्हणाला होता? त्यात काही होतं का, ज्यावरून मला कळायला हवं होतं? मी त्याचा विचार करत बसते.

तुझी मावशी


शेफील्ड, २९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तुला छळायला नाही. त्याचं त्याच्याकडेच राहायला हवं, आणि एवढी एक गोष्ट तरी मला बरोबर करू दे.

शनिवारी वॉर्डात गेले होते. तुझ्याकडे न येताच परतले, माफ कर. ग्विलिम खिडकीशी बसला होता, हॉस्पिटलच्या स्वेटरमध्ये. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मी तिथूनच मागे फिरले असते. "आली माझी डॉक्टर," म्हणाला.

मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर पुन्हा चहा आला असता. जागा मिळाली नव्हती, हे मला जुलैत माहीत होतं. त्यानं विचारलं तेव्हा मी मान हलवली, ते खोटं होतं. त्याच्या बोलण्याची मला भीती वाटली तरी मी माझ्या वरिष्ठांना विचारलं नाही, कारण मला लाज वाटत होती. सगळं, एका दमात. क्षमाही मागितली, पण ती शेवटी, घाईत, आणि तिला काही अर्थ नव्हता.

तो चिडला नाही. बराच वेळ स्वेटरची बाही ओढत राहिला. मग विचारलं, "मग मी ते सगळं कुणाला सांगितलं, एलेरी?"

म्हटलं, "ओल्वेनच्या भाचीला."

"तिला मी ते सांगितलंच नसतं," म्हणाला. "तिला मी शाळेत सोडायचो. ती डबा विसरायची." मग नर्सला हाक मारून म्हणाला, मला आत जायचंय. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. वळताना त्यानं चेहऱ्यावर हात घेतला. अंगावरचं वस्त्र कुणी ओढल्यावर माणूस घेतो, तसा.

मावशी, त्याला नोव्हेंबरात घरी सोडतील. त्यानं चॅपलमध्ये परत यायला हवं, त्याच्या जुन्या जागेवर बसायला हवं. मी समोर असले तर तो येणार नाही. म्हणून नाताळला मी येत नाही. तू माझ्यासाठी काही भाजून ठेवू नकोस. कुणी विचारलं तर खरं कारण सांग.

तुझी,
एलेरी


पेनगारेग, १६ डिसेंबर

एलेरी बाळा,

नाताळच्या पहाटेच्या गाण्यांची तालीम काल झाली. ग्विलिम आला. मी माझ्या नेहमीच्या बाकावरून उठून अगदी मागे जाऊन बसले, त्याला माझं तोंड दिसू नये म्हणून. पुरुष गायला उभे राहिले तेव्हा तोही उभा राहिला. पहिलं गाणं नुसताच उभा होता. दुसऱ्यात त्याचा आवाज आला. पहिल्यासारखा नाही, पातळ झालाय, पण त्याचाच.

संपल्यावर मी घाईनं निघाले, तर दारात त्यानं मला गाठलं. आजूबाजूचे लोक लगेच कोटांशी खेळायला लागले. तो माझ्या बऱ्या कानाशी वाकून म्हणाला, "तिनं तुला सांगितलं का, ओल्वेन? मी बोललो ते?"

"नाही," म्हटलं मी.

"तू विचारलं नसशील."

"दोनदा विचारलं. नाही सांगितलं तिनं."

मी त्याची क्षमा मागितली, ती त्यानं ऐकली, मान हलवली नाही. मग मला धीर धरवेना. विचारलं, नाताळला एलेरीला येऊ देऊ का?

"अजून नको," म्हणाला.

टोपी घातली आणि गेला. तो एवढंच बोलला, बाळा. हसला नाही, माझा हात धरला नाही. मी यात माझं काहीही घातलेलं नाही.

तुझी,
ओल्वेन मावशी